सूर जुळेपर्यंत

पियानो चांगला जुळवायला किती वेळ लागतो, हा प्रश्न चँडलरसारख्या गावात मुलांना पियानो शिकवणाऱ्या मराठी घरांत केव्हा ना केव्हा निघतोच. त्याचे व्यवहारातले उत्तर सोपे आहे. वाद्याची निगा राखलेली असेल आणि जुळवणारा जाणकार असेल, तर दीड ते दोन तास. पियानोला ८८ पट्ट्या आणि त्यांच्यामागे सुमारे २३० तारा असतात. बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकच तार असल्यासारख्या वाजाव्या लागतात. साऱ्या तारांचा मिळून ताण अठरा ते वीस टनांच्या घरात जातो. वाद्य बरीच वर्षे दुर्लक्षित राहिले असेल, तर स्वर एका बैठकीत वर येत नाही. एक तार ओढून पुढच्या तारेकडे वळावे, तोवर सांगाड्यावरचा भार बदलतो आणि आधीची तार पुन्हा उतरते. अशा वाद्यावरून दोनदा, कधी तीनदा हात फिरवावा लागतो. नव्या पियानोच्या तारा तर ताणत राहतात, म्हणून पहिल्या वर्षात तो तीन-चार वेळा जुळवून घेण्याची शिफारस केली जाते.

अ‍ॅरिझोनात या उत्तराला हवामानाची पुरवणी जोडावी लागते. जून महिन्यात इथल्या दुपारच्या हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येते. मग आपल्या ओळखीचेच नाव धारण केलेला मान्सून येतो. इथले हवामान खाते १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा काळ मानते. कोरड्या हवेत आक्रसलेला पियानोचा लाकडी ध्वनिफलक त्या ओलाव्याने फुगतो आणि तारांचा ताण बदलतो. मेमध्ये नीट जुळलेले वाद्य ऑगस्टमध्ये बेसूर वाटू लागते. म्हणूनच चांगला जुळवणारा स्वर केवळ जागेवर आणून थांबत नाही. तो खुंटी अशी बसवतो की आणलेला स्वर तिथे टिकावा. स्वर आणायला मिनिट पुरते. तो टिकवायचा कसा, हे कळायला वर्षे जातात.

स्वर आणणे आणि स्वर टिकवणे यांतले अंतर ओळखण्यात ज्याने सारे आयुष्य घातले, असा एक कलावंत महाराष्ट्राने पाहिला आहे. त्याचा पियानोशी संबंध आला नाही. त्याचे वाद्य होते चार तारांचा तंबोरा, आणि त्या तंबोऱ्याइतकाच नितळ असा स्वतःचा गळा. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र अनेक अंगांनी सांगता येते. इथे ते जुळवणीच्या अंगाने सांगायचे आहे, कारण त्यांच्या गाण्याचे मर्म आणि त्यांच्या संसाराची शोकांतिका, दोन्ही त्या एका शब्दापाशी येऊन भेटतात.

११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर भारतातील कैराना या गावी त्यांचा जन्म झाला. गावाच्या नावावरूनच पुढे घराण्याचे नाव रूढ झाले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. घरात गायनाबरोबर सारंगी आणि बीन यांचीही परंपरा होती, आणि ही दोन्ही वाद्ये ते स्वतः वाजवत. सारंगीच्या मुख्य तारा मोजक्याच, पण त्यांच्याखाली तरफेच्या तीस-पस्तीस तारा असतात. त्या प्रत्येक रागासाठी निराळ्या जुळवाव्या लागतात. एक तार केसभर उतरली तरी वाद्याची आस मंदावते. अशा घरात वाढणाऱ्या मुलाचा कान बंदिशी पाठ होण्याच्या कितीतरी आधी तयार होतो. ऐकणे हा तिथला पहिला धडा असतो. खाँसाहेबांचा गळा निसर्गतः बारीक होता. दणकट, भरदार आवाजाच्या गवयांच्या त्या काळात तो उणा ठरला असता. त्यांनी त्या आवाजाला जोर करायला लावले नाही. स्वर अचूक जागी लागला की बारीक आवाजही दूरवर पोहोचतो, हे त्यांनी वाद्यांकडून शिकून घेतले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारी गायक झाले. तिथेच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे मन जुळले. धर्म, जात आणि दर्जा या तिन्ही भिंती त्या नात्याच्या आड होत्या. दोघांनी बडोदे सोडले. काही काळ मुंबईत काढून खाँसाहेब पुढे मिरजेशी जोडले गेले आणि अखेरपर्यंत मिरजेचेच राहिले. तिथल्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर त्यांची नितांत श्रद्धा होती. एका दुखण्यातून आपण त्या दर्ग्याच्या कृपेने उठलो, अशी त्यांची भावना होती, असे मिरजेत आजही सांगतात.

मिरजेची निवड योगायोगाने झाली असेल. पण सुरांच्या या वेड्याला याहून योग्य गाव मिळाले नसते. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे मिरजेत ग्वाल्हेर गायकीची पेठ वसली होती. विष्णु दिगंबर पलुसकर तिथेच घडले. आणि पटवर्धन संस्थानिकांच्या या राजधानीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी बनत होत्या. शस्त्रे घडवणाऱ्या, त्यांना पाणी देणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांनी तो व्यवसाय नावारूपाला आणला. लढाया संपल्या, तलवारींची मागणी सरली आणि पोलादाला धार लावणारे हात जवारी काढू लागले. पंढरपूरच्या परिसरातून येणारा भोपळा, लाकडी दांडी, हाडाची किंवा शिंगाची घोडी यांतून तिथे घडणारा तंबोरा पुढे देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

तंबोरा जुळवणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तारा चारच. मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात. शेवटची खालच्या षड्जाची, ती खर्ज. पहिली बहुधा पंचमाची. रागात पंचम नसेल तर मध्यमाची, आणि किराणा परंपरेत अनेकदा निषादाची. खुंट्या पिळून स्वर जवळ आणायचा. मग घोडीच्या पलीकडचे मणी सरकवून तो नेमका करायचा. शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा हलके हलके सरकवायचा. एका जागी धागा आला की बोथट वाजणारी तार एकाएकी उमलते, तिच्यातून आस फुटते. याला जवारी लागणे म्हणतात. धागा केसभर पुढे-मागे झाला तर ते सारे नाहीसे होते.

चारही तारा खरोखर जुळल्या की एक नवल घडते. तंबोऱ्याला गंधारासाठी तार नसते, तरी गंधार ऐकू येतो. यात गूढ काही नाही. प्रत्येक तार आपल्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही निर्माण करते. खर्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर म्हणजे दोन सप्तके वरचा शुद्ध गंधार. संगीतकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार बेसूर असेल, जवारी बंद असेल, तर तो लपून राहतो. वाद्य नीट जुळले आहे की नाही, याची याहून कठोर परीक्षा नाही. घाईत जुळवलेला तंबोरा षड्ज-पंचम देईल. गंधार देणार नाही.

खाँसाहेबांची सारी गायकी या परीक्षेवर उभी होती. तंबोरे मनाजोगते जुळल्याखेरीज ते गाण्याला आरंभ करत नसत. दुसऱ्यांची वाद्येही ते हौसेने दुरुस्त करत आणि त्यासाठी लागणारी हत्यारे प्रवासात जवळ बाळगत. दरबारी मान मिळवलेला उस्ताद कारागिरासारखा मांडी ठोकून एखाद्या शिष्याच्या तंबोऱ्याची जवारी काढत बसे, यातच त्यांच्या कलादृष्टीचा सारांश आहे. गाणे सुरू होण्यापूर्वीचा वेळ त्यांच्या लेखी वाया जाणारा वेळ नव्हता. गाणाऱ्याचा कान आणि श्रोत्याचा कान, दोन्ही त्या वेळात तयार होतात. मैफलीतली त्यांची विलंबित आलापीही याच वृत्तीची होती. रागातला एकेक स्वर ते जणू नव्याने जुळवत पुढे जात, आणि तो पुरता लागल्याशिवाय पुढच्या स्वराला हात लावत नसत.

त्यांच्या या कानाची कसोटी एका वेगळ्याच क्षेत्रात लागली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते आणि भारतीय संगीतातल्या २२ श्रुतींचे कोडे गणिताने सोडवण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. प्राचीन ग्रंथांत श्रुतींची नावे होती. पण आजचा गवई प्रत्यक्षात कोणत्या जागी स्वर लावतो, हे कुणी मोजले नव्हते. मोजायचे तर पुन्हा पुन्हा तोच स्वर त्याच जागी लावणारा गळा हवा. तो देवलांना खाँसाहेबांपाशी मिळाला. खाँसाहेबांनी गावे आणि देवलांनी तारेच्या लांबीवरून त्या स्वराचे प्रमाण काढावे, असे हे काम चालले. परंपरेत वाढलेला मुसलमान उस्ताद आणि इंग्रजी अमदानीतला ब्राह्मण अधिकारी एकाच तारेवर कान लावून बसले होते. १९१० मध्ये देवलांचे श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम उचलून धरले आणि २२ श्रुती वाजवता येतील अशी खास पेटी लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीकडून बनवून घेतली.

या पेटीची गरज का भासली, याचे उत्तर पियानोपाशी आहे. संगीतशास्त्रात सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पितात. त्यांना सेंट म्हणतात. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. पियानोवरचा गंधार ४०० सेंटवर असतो, म्हणजे १४ सेंट चढा. पियानो जुळवणाऱ्याची ही चूक नव्हे. कोणत्याही पट्टीला षड्ज मानून कोणतीही रचना वाजवता यावी, म्हणून सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करण्याची तडजोड युरोपने स्वीकारली. तिच्यामुळे तिथल्या संगीताला स्वरसंवादाचे अफाट दालन खुले झाले, आणि त्या मोबदल्यात जवळजवळ प्रत्येक स्वर नैसर्गिक जागेपासून थोडा सरकवावा लागला. पंचमाचे नुकसान दोनच सेंटचे, म्हणून ते जाणवत नाही. गंधाराचे जाणवते. पियानो चांगला जुळवणे म्हणजे ही तडजोड सर्व पट्ट्यांत सारखी वाटणे. तंबोरा जुळवताना मात्र तडजोडीला जागाच नसते. आपल्याकडे आलेल्या हार्मोनियमचे स्वर पियानोसारखेच बांधलेले होते आणि ती पेटी तंबोऱ्याच्या शेजारी बसू लागली, तेव्हा हा फरक जाणत्या कानांना टोचू लागला.

श्रुतींची पेटी मात्र प्रश्न सोडवू शकली नाही. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला आणि जमलेल्या विद्वानांनी व कलावंतांनी ती मान्य केली नाही. मतभेद कोणत्या श्रुती खऱ्या यावरही होते, पण अडचण त्याहून खोल होती. दरबारी कानड्याचा गंधार एका जागी उभा राहतच नाही; तो आंदोलत राहतो, आणि त्या आंदोलनातच राग असतो. पट्टी बारा असोत वा बावीस, ती एकदा जुळवली की जुळलेली राहते. गळा प्रत्येक क्षणी नव्याने जुळवावा लागतो. खाँसाहेबांनी शास्त्रज्ञांना आपला गळा मोजायला दिला खरा. पण शिष्यांना शिकवताना त्यांनी गणिताची मदत घेतली नाही, तंबोराच हाती दिला. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९४० मध्ये, आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. त्या बंदीत अतिरेक होता, हेही काळाने दाखवले. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी त्याच पेटीतून किती सुरेल संगीत काढले होते, हे महाराष्ट्राला ठाऊक होते.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. योगायोग असा, की चँडलर गाव वसून तेव्हा एकच वर्ष झाले होते. विद्यालयात गुरुगृही राहून शिकण्याची पद्धत होती. गरीब मुलांची राहण्या-जेवणाची सोय विद्यालयच करी आणि त्याचा खर्च खाँसाहेब तिकिटे लावून केलेल्या जलशांतून भागवत. घराणेदार विद्या घरातच ठेवण्याचा तो काळ. अशा काळात एका उस्तादाने कोणत्याही जातिधर्माच्या मुलांसाठी शाळा उघडावी, ही लहान गोष्ट नव्हती. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी विद्यालयात वाढले. त्यांनी पुढे गुरूचे विस्तृत चरित्र लिहिले आणि श्रुतींचे संशोधनही चालू ठेवले.

विद्यालयाचा व्याप वाढत होता, जलसे गाजत होते. पण घरातले सूर उतरत चालले होते. १९२० च्या आगेमागे ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ज्या स्त्रीने त्यांच्यासाठी राजघराण्याच्या परिघातले आयुष्य सोडले होते, तिने आता त्यांचे घर सोडले. ही ताटातूट नावांपर्यंत पोहोचली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, गुलाब कमलाबाई झाल्या, पापा कृष्णराव झाले आणि धाकटी सकीना पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून ओळखली गेली. पित्याचे नाव या मुलांच्या नावापुढून गेले. या घटनेचे न्यायाधीश होण्याचा अधिकार आज कुणालाच नाही. एवढेच म्हणता येते, की खुंटी पिळून तार वर आणणारा हात संसारात तितका चालत नाही. तिथेही हवा बदलते, ताण बदलतो आणि पुन्हा पुन्हा कान द्यावा लागतो. स्वरासाठी अमर्याद वेळ असलेल्या या माणसापाशी घरासाठी तेवढा वेळ उरला होता का, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना टाळता येत नाही.

मुलांनी नाव सोडले, पण सूर सोडला नाही. सुरेशबाबू मोठे गायक आणि त्याहून मोठे गुरू झाले. हिराबाईंनी, कुलीन मानल्या गेलेल्या स्त्रियांना मैफलीत बसणे अवघड होते अशा काळात, तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि पुढे पद्मभूषणाचा सन्मान मिळवला. त्यांची पुढची तालीम खाँसाहेबांचे नातलग अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. म्हणजे विद्या किराण्याचीच राहिली. हिराबाईंचा षड्ज ऐकताना पित्याची आठवण न येणारा जुना श्रोता विरळा. ज्या घरात बाप-लेकरांत अंतर पडले, त्या घराचा वारसा अखेर एका स्वराने सांभाळला.

खाँसाहेबांच्या उत्तरायुष्यातले गाणे अधिक अंतर्मुख, अधिक करुण झाले, असे जाणकार मानतात. मिरज हेच आता घर होते. तिथून ते सांगली, कोल्हापूर, धारवाड, हुबळी, म्हैसूर असे फिरत. म्हैसूर दरबारात त्यांचा मोठा सन्मान झाला. कर्नाटक संगीत त्यांनी आदराने ऐकले, अभ्यासले, त्यातील सरगमाची रीत आपल्या गाण्यात आणली, त्यागराजांची एक कृतीही ध्वनिमुद्रित केली. उत्तरेकडच्या गवयांनी दक्षिणेकडे पाठ फिरवून बसण्याच्या काळात हा मोकळेपणा दुर्मीळ होता.

१९३४ ते १९३६ या वर्षांत ओडियन कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासन्‌तास आलापी करणाऱ्या कलावंताला ही कैद होती. तरीही त्या तबकड्यांतली झिंझोटी, भैरवी, देवगंधार किंवा शुद्ध कल्याण ऐकताना घाई जाणवत नाही. पहिला स्वर जागेवर लागतो आणि मिनिटांचा हिशेब विसरायला होतो. गदगच्या एका मुलाने लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गाणे शिकण्यासाठी घर सोडले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे सवाई गंधर्वांनी त्यांना सुरुवातीचा बराच काळ तोडी, मुलतानी आणि पुरिया हे तीनच राग घोटायला लावले. गुरूच्या घरची रीत शिष्याने पुढच्या पिढीकडे दिली होती. तीन राग घोटण्यातली ती वर्षे म्हणजे माणसाच्या गळ्याची जुळवणीच होती.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तिथून श्रीअरविंदांच्या आश्रमात जाण्यासाठी ते पाँडिचेरीच्या वाटेला लागले. गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर शिष्यांसह ते उतरले. फलाटावर अंथरूण घालण्यात आले. आपली वेळ जवळ आली, हे त्यांना उमगले असावे. त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला. तो जुळला, तेव्हा दरबारीच्या स्वरांत त्यांनी ईश्वराची प्रार्थना केली आणि तिथेच देह ठेवला. तारीख होती २७ ऑक्टोबर. वयाची ६५ वर्षे पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले होते. त्यांचे पार्थिव मिरजेला आणण्यात आले आणि त्यांच्या श्रद्धेच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी संगीतसभा होते आणि नामवंत कलावंत तिथे मानधनाचा विचार न करता हजेरी लावतात.

शेवटच्या घटकेलाही आधी तंबोरा जुळवून घेणारा हा माणूस आजच्या आपल्या पिढीला काय सांगू शकतो? अ‍ॅरिझोनात घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे भारतातल्या गुरूंशी आपले अंतर बारमाही साडेबारा तासांचे. चँडलरची मुले पहाटे वा रात्री उशिरा पडद्यासमोर बसून शिकतात. साथीला फोनमधला तंबोरा असतो. तो कधी उतरत नाही, त्याची जवारी कधी बिघडत नाही, आणि प्रवासात किंवा दूरच्या शिकवणीत त्याच्यासारखा सोबती नाही. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण तो एक गोष्ट मुलांकडून काढून घेतो: स्वर अजून लागलेला नाही, हे ओळखण्याची संधी. आयता मिळालेला षड्ज ऐकला जातो. स्वतः जुळवलेला षड्ज कळतो.

म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी घरात खरा तंबोरा ठेवावा. इथल्या कोरड्या हवेत भोपळ्याला आणि लाकडाच्या सांध्यांना तडे जाण्याची भीती असते, तेव्हा तो वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून आणि खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवावा. खोलीत ओलावा देणारे यंत्र असेल तर उत्तम. बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा सैल करून ठेवाव्यात. पियानो असेल तर तोही दर वर्षी साधारण त्याच ऋतूत जुळवून घ्यावा, आणि जुळवणारा आला की मुलांना त्याच्याजवळ बसू द्यावे. दोन तारांमधली लाट हळूहळू मंदावत नाहीशी होते, तो क्षण पियानोतही तंबोऱ्याइतकाच सुंदर असतो.

किती वेळ लागेल, असे मुले विचारतील. पहिल्या दिवशी अर्धा तास जाईल आणि तरी गंधार येणार नाही. काही महिन्यांनी दहा मिनिटांत तारा जवळ येतील आणि गंधार पुसटसा डोकावेल. अब्दुल करीम खाँ यांना लहानपणापासून तयार झालेला कान होता, मिरजेसारखे गाव होते, तरी पासष्टीच्या उंबरठ्यावर, एका अनोळखी स्थानकावर, त्यांनी तंबोरा पुन्हा एकदा जुळवून घेतला. काल जुळला होता म्हणून आज जुळलेलाच असेल, असे त्यांनी कधी मानले नाही.